समोरच्याचे मोल : कार्ल रॉजर्स यांच्याविषयी वाचकांची पत्रे

मागच्या अंकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांच्याविषयी या सदरात थोडेसे लिहिले होते. उपचारासाठी आलेल्या माणसात पालट घडतो तो उपचारकाच्या हुशारीने कमी आणि त्या दोघांमधल्या नात्याने अधिक, असे रॉजर्स यांचे म्हणणे होते. त्या नात्यात उपचारकाकडून तीन गोष्टी याव्या लागतात : स्वतःचा सच्चेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याचे जग त्याच्याच नजरेने समजून घेण्याची समानुभूती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा जेवताना एकदम म्हणाला, "बाबा, मला हे नाही जमणार. मी सोडतोय." शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून सुरूही झालेले नाहीत. त्या दिवशी मी त्याला खूप बोललो. तो ताटावरून उठून गेला आणि तेव्हापासून फक्त आईशी बोलतो. आपण विनाअट स्वीकाराबद्दल लिहिलेत. त्याने काहीही ठरवले तरी आम्ही मान डोलवायची, असा त्याचा अर्थ घ्यायचा का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : नाही. परंतु तुम्हाला ही शंका यावी हे स्वाभाविक आहे, कारण रॉजर्स यांच्या विचाराचा सर्वांत जास्त विपर्यास याच जागी झालेला आहे. विनाअट स्वीकाराची ही संज्ञा त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली स्टँडल यांनी शिकागो विद्यापीठात १९५४ साली सादर केलेल्या प्रबंधात मांडली आणि रॉजर्स यांनी ती आपल्या सिद्धांतात घेतली. तिच्यात जी अट काढून टाकली आहे ती माणसाच्या मोलावरची आहे, त्याच्या वागण्यावरची नाही. रॉजर्स यांच्या सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी लहान मुलांवर खेळाच्या माध्यमातून उपचार करण्याची पद्धत १९४७ च्या आपल्या पुस्तकात मांडली. तिच्या आठ तत्त्वांपैकी एक मुलाला आहे तसे स्वीकारण्याचे आहे, आणि शेवटचे, आठवे, मर्यादा घालण्याचे आहे. मुलाला वाटेल तेवढा राग येऊ द्यावा आणि तो बोलूही द्यावा, पण खिडकीची काच फोडू देऊ नये, अशा प्रकारची ही रचना आहे. तेव्हा शिक्षण, पैसा आणि कर्ज यांबाबत तुमचे मत असण्यास आणि ते ठामपणे मांडण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

मात्र तुमच्या पत्रातील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मुलाच्या बोलण्यात दोन वाक्ये होती. ‘सोडतोय’ हा निर्णय होता आणि त्या दिवशीचे तुमचे सगळे बोलणे त्या निर्णयाबद्दल झाले असावे. ‘मला नाही जमणार’ हे मात्र अजून कोणीही ऐकलेले दिसत नाही. न जमणे म्हणजे अभ्यास कळत नाही, की कळतो पण नकोसा झाला आहे, की वसतिगृहात काही घडले आहे, की इतरांच्या मागे पडल्याची लाज वाटते आहे? तीन वर्षे त्याच्या मनात काय चालले होते हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि कदाचित त्यालाही ते अजून नीट सांगता येत नसेल.

१९५९ साली मांडलेल्या सविस्तर सिद्धांतात रॉजर्स यांनी यामागची प्रक्रिया सांगितली आहे. आपण अमुक केले की आईवडिलांना हवेसे होतो आणि तमुक केले की नकोसे होतो, हे मूल फार लवकर ओळखते. मग स्वतःला काय जाणवते आहे यापेक्षा या अटींवर ते अधिक विसंबू लागते, आणि नको असलेली गोष्टही हवी आहे असे इतरांना आणि शेवटी स्वतःलाही सांगू लागते. यात आईवडील दुष्ट असावे लागत नाहीत. प्रेमळ घरांतही हे घडते, किंबहुना प्रेम गमावण्याची भीती जेथे मोठी तेथे ते अधिक बेमालूमपणे घडते. अशा मुलाने एके दिवशी ‘जमणार नाही’ म्हणणे हा उद्दामपणा असेलच असे नाही. कित्येकदा ते त्याच्या आयुष्यातले पहिले खरे वाक्य असते.

रॉजर्स यांचे एक सहकारी इलायस पोर्टर यांनी, कोणी आपली अडचण सांगितली असता ऐकणारा कोणकोणत्या प्रकारे उत्तर देतो, याचे पाच प्रकार पाडले होते. ‘असं कसं जमणार नाही, सगळ्यांना जमतं’ हा निवाडा झाला. ‘त्या मित्रांच्या नादाला लागलास’ हे कारण लावून मोकळे होणे झाले. ‘अरे, होईल सगळं ठीक’ ही समजूत झाली. ‘किती विषय राहिलेत?’ ही चौकशी झाली. हे चारही प्रकार वाईट नाहीत, त्यांची वेळ येते. परंतु बहुतेक घरांत पाचवा प्रकार, म्हणजे समोरच्याला काय वाटते आहे ते आपल्याला कळले का हे तपासून पाहणे, कधी येतच नाही. तो साधारण असा असतो : "तीन वर्षं ओढत आणलंस, आणि आता पुढचं वर्ष नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी नको वाटतंय, असं आहे का?" तुमचा अंदाज चुकला तर तो "तसं नाही बाबा" म्हणेल आणि मग कसे ते सांगेल. तेवढ्यासाठीच तो प्रश्न असतो.

यानंतर तुमची बाजू येते, आणि ती लपवू नका. रॉजर्स यांच्या तीन गोष्टींत सच्चेपणा आहे तो उगीच नाही. आत संताप असताना तोंडावर शांतपणा ओढून घेतलेला बाप मुलाला चटकन ओळखू येतो. "तू आमचं वाटोळं केलंस" हे वाक्य त्याच्याबद्दल आहे. "मला भीती वाटते, कारण हे कर्ज मी माझ्या निवृत्तीचा हिशोब करून काढलं होतं" हे वाक्य तुमच्याबद्दल आहे. रॉजर्स यांचे विद्यार्थी टॉमस गॉर्डन यांनी १९६२ साली पालकांसाठी जे अभ्यासवर्ग सुरू केले, त्यांत हाच फरक शिकवला जात असे. दुसऱ्या वाक्यावर मुलाला स्वतःचा बचाव करावा लागत नाही आणि त्या वाक्यात कर्जाचा मुद्दा कोठेही सौम्य झालेला नाही.

एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘आधी ऐकून घेऊ, म्हणजे मग तो आपले ऐकेल आणि अभियांत्रिकी पुरे करील’ असा बेत मनात ठेवून ऐकायला बसणार असाल तर बसू नका. त्यापेक्षा सरळ वाद घातलेला बरा. ऐकल्यानंतर तो कदाचित एक वर्ष थांबून परत जाईल, कदाचित शाखा बदलेल, कदाचित खरोखरच सोडेल. यांतले काहीही होऊ शकते, हे मान्य करूनच बसावे लागते.

आणि तो जर झोपत नसेल, खात नसेल, पुढे काहीच उरले नाही असे बोलत असेल, तर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का हे त्याला थेट विचारा. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. अशा वेळी वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्न : आमच्या बँकेने ‘सक्रिय श्रवण’ या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगायचे, असे शिकवले. मी मनापासून ते घरी करून पाहिले, तर नवरा म्हणाला, "मी बोललो तेच परत का बोलतेस?" मुलगी तर मला चिडवते. माझे काय चुकते?
— बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : तुम्हाला जे शिकवले गेले त्याचा इतिहास सांगितला तर कदाचित तुमचे यजमान आणि स्वतः रॉजर्स एकाच बाजूला उभे असलेले दिसतील.

१९४० नंतर ओहायो राज्य विद्यापीठात असताना रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपचाराच्या बैठका ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्या काळी फोनोग्राफच्या तबकड्यांवर मुद्रण होत असे आणि थोड्या थोड्या मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. तरीही, बंद खोलीत समुपदेशक नेमके काय बोलतो हे शब्दशः समोर येण्याची ती सुरुवात होती. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका संपूर्ण उपचाराची अशी शब्दशः नोंद छापलेली आहे. या मुद्रणांचा फायदा प्रचंड झाला, परंतु एक तोटाही झाला. विद्यार्थी एकेका वाक्याचा कीस पाडू लागले. कोणत्या प्रतिसादानंतर माणूस मोकळा झाला आणि कोणत्यानंतर गप्प झाला, हे पाहता पाहता समानुभूती म्हणजे शेवटचे चार शब्द परत म्हणण्याची युक्ती, असा समज पसरला. १९७५ साली लिहिलेल्या एका निबंधात रॉजर्स यांनी कबूल केले आहे की, या विडंबनाने त्यांना इतका धक्का बसला की पुढची अनेक वर्षे त्यांनी समानुभूतीने ऐकण्याविषयी बोलणेच जवळजवळ सोडून दिले. अखेरच्या काळात तर ‘भावना परावर्तित करणे’, म्हणजे समोरच्याची भावना आरशासारखी त्याला परत दाखवणे, हा शब्दप्रयोगही त्यांना नकोसा झाला होता. मी काही परावर्तित करत नाही, मला जे समजले ते बरोबर आहे का एवढे पडताळून पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पडताळणीची गरज केव्हा पडते? आपल्याला खरोखर शंका असते तेव्हा. तुमचे यजमान "आज लोकलला फार गर्दी होती" म्हणाले आणि तुम्ही "तुम्हाला गर्दीचा त्रास झाला" म्हणालात, तर यात तुम्हाला नसलेली शंका तुम्ही दाखवलीत. त्यावर ते चिडले यात नवल नाही. असल्या वाक्याला "हो ना, पाणी देऊ का?" हे पुरेसे आहे. उलट त्यांनी एखाद्या रात्री "त्या नव्या साहेबाखाली काम करण्यात अर्थ नाही" असे म्हटले आणि तो थकवा आहे, अपमान आहे की नोकरी सोडण्याचा विचार आहे हे तुम्हाला कळले नाही, तर तेथे विचारण्यासारखे काही आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत वाक्ये शिकवता येतात, कुतूहल शिकवता येत नाही, आणि प्रमाणपत्र मात्र वाक्यांचेच मिळते.

तुमच्या कार्यशाळेतल्या युक्तीची एक जागा अगदी योग्य आहे : भांडण. एफ. जे. रोथलिसबर्गर यांच्यासह १९५२ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात रॉजर्स यांनी एक प्रयोग सुचवला आहे. वाद सुरू झाला की थांबायचे आणि नियम करायचा : समोरच्याचे म्हणणे आणि त्यामागची भावना त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगून झाल्याशिवाय कोणीही आपला मुद्दा मांडायचा नाही. यातली खरी मेख ‘त्याचे समाधान होईल’ या शब्दांत आहे. आपण बरोबर सांगितले की नाही हे आपण ठरवायचे नाही, त्याने ठरवायचे. एखाद्या रविवारी पैशांवरून किंवा सासरमाहेरच्या देण्याघेण्यावरून वाद होईल तेव्हा दोघांनी मिळून हे करून पाहा. दुसऱ्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडायचे म्हटले की निम्मा वेळ आपल्याला ते ठाऊकच नव्हते असे आढळते. त्याच लेखात रॉजर्स यांनी हेही बजावले आहे की या कामाला धैर्य लागते, कारण एखाद्याचे म्हणणे खरोखर समजून घेतले तर आपले मत बदलण्याचा धोका असतो. लक्षात घ्या, हा नियम दोघांनी मान्य केलेला असतो. एकट्याने, न सांगता, दुसऱ्यावर केलेला प्रयोग नसतो.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या पिढीत वडिलांसमोर खुर्चीवर बसण्याची प्राज्ञा नव्हती, पण आदर होता. आता मुलांचा ‘स्वीकार’ करायचा, त्यांच्या भावना ‘समजून’ घ्यायच्या हे जे चालले आहे, ते अमेरिकेतले व्यक्तिवादी खूळ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडे कुटुंबे मोडली ती यामुळेच. निवृत्तीनंतर आमच्या घरात मला कोणत्याही गोष्टीत विचारले जात नाही, ही त्याचीच फळे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रातील पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. रॉजर्स ज्या प्रवाहातले, त्या मानवतावादी मानसशास्त्राने ‘स्व’ला फार मोठे स्थान दिले, नाती आणि कर्तव्ये यांना कमी दिले, ही टीका अमेरिकेतही झालेली आहे आणि ती मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. कॅलिफोर्नियात १९६० नंतर या विचाराच्या नावाखाली जे काही चालले त्यातले बरेचसे उथळ होते. कुटुंबे मोडण्याचे खापर मात्र मी त्याच्यावर फोडणार नाही. त्यामागची आर्थिक आणि सामाजिक कारणे फार वेगळी आहेत.

परंतु रॉजर्स स्वतः मोकाट घरातून आले होते असा आपला समज असेल तर तो बरोबर नाही. त्यांचे घर कट्टर धार्मिक होते. पत्ते, नाच, नाटक, मद्य सगळेच वर्ज्य होते. रॉजर्स बारा वर्षांचे असताना आईवडिलांनी शहर सोडून शेतावर बिऱ्हाड हलवले. १९२२ साली एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी ते चीनला गेले आणि सहा महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांची धर्ममते बदलली. जे वाटत होते ते सर्व ते घरी प्रामाणिकपणे लिहून कळवत होते. परंतु टपाल इतके संथ होते की घरच्यांचा संताप पत्रातून पोहोचेपर्यंत त्यांच्या मनात सगळे पक्के होऊन गेलेले असे. हे त्यांनी नंतर काहीशा गमतीने सांगितले आहे. आईवडिलांशी असलेल्या नात्याला फार मोठी खीळ न बसता आपण वेगळे होऊ शकलो, याचे त्यांना समाधान वाटे.

आपण वर्णन केलेला आदर खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण तो एकाच दिशेने वाहत असे. वडिलांसमोर मुलगा उभा राही. मुलाला काय वाटते हे वडिलांनी विचारल्याची उदाहरणे आपल्याला किती आठवतात? धाकट्या सुनेला, दहा वर्षांच्या मुलीला, घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना कोणी विचारत असे का? जो मान स्थानामुळे मिळतो तो स्थान गेले की जातो. शाळेत आपल्या शब्दाला वजन होते ते खुर्चीचे किती आणि आपले स्वतःचे किती, हा प्रश्न बोचरा आहे याची मला कल्पना आहे. पण आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते अमेरिकेविषयी नाही. आपल्याला घरात विचारले जात नाही आणि त्याचे आपल्याला दुःख आहे, असे ते वाक्य सांगते. हे दुःख आपण मुलाला कधी या शब्दांत सांगितले आहे का? ‘आजकालच्या पिढीला आदर नाही’ असे सांगितले असेल. त्यावर तो पिढीची बाजू मांडील आणि आपले दुःख बाजूलाच राहील.

रॉजर्स यांच्यावर या बाबतीत एक अधिक नेमका आक्षेप घेतला गेला, तो आपल्यासारख्या अभ्यासू वाचकाला आवडेल. १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात त्यांचा तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्याशी जाहीर संवाद झाला. उपचाराच्या क्षणी मी आणि समोरची व्यक्ती बरोबरीने भेटतो, असे रॉजर्स सांगत होते. बूबर यांनी ते मान्य केले नाही. मदत मागायला तो तुमच्याकडे आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाही. तुमच्या दोघांच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्या तुमच्या इच्छेने समान होत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या मते बूबर बरोबर होते. बाप आणि मुलगा, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या जागा सारख्या नसतात आणि तसे भासवण्याचे कारणही नाही. वरच्या जागेवरून खालच्याचे म्हणणे ऐकता येते एवढेच, आणि ते आपल्या परंपरेलाही परके नाही.

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे. मॅस्लो, रॉजर्स आणि एलिस यांचा परस्परसंबंध आमच्या टिपणांत फार गोंधळाचा आहे. मॅस्लोंचा पिरॅमिड आणि रॉजर्स यांचा ‘आत्मवास्तविकीकरणा’चा विचार एकच का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : एकच नाही. प्रथम पिरॅमिडविषयी : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात माणसाच्या गरजांची उतरंड आहे, पण पिरॅमिडची आकृती नाही. ती पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या लेखकांनी काढली. मॅस्लो यांच्या मांडणीत आत्मवास्तविकीकरण, म्हणजे स्वतःमधल्या क्षमता पूर्णपणे प्रत्यक्षात आणणे, ही वरची पायरी आहे आणि तेथे थोडेच लोक पोहोचतात. रॉजर्स यांच्या मांडणीत वाढीची प्रवृत्ती प्रत्येक सजीवात पहिल्यापासून असते. लहानपणी घराच्या तळघरात साठवलेल्या बटाट्यांना, वरच्या लहानशा खिडकीच्या उजेडाकडे लांबत गेलेले पांढुरके कोंब फुटलेले त्यांनी पाहिले होते आणि ते उदाहरण ते देत असत. मनोविश्लेषण (नेणिवेचा शोध घेणारे) आणि वर्तनवाद (दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करणारा) या मानसशास्त्रातल्या दोन प्रवाहांनंतरची ‘तिसरी शक्ती’ म्हणून हे दोघे एकत्र मोजले जातात. या विचाराचे नियतकालिक १९६१ साली निघाले आणि १९६४ च्या अमेरिकेतील ओल्ड सेब्रुक येथील परिषदेत मॅस्लो, रॉजर्स, रोलो मे आदी मानसशास्त्रज्ञ मंडळी एकत्र आली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे नाव महाराष्ट्रात रॉजर्स यांच्यापेक्षा अधिक परिचित आहे, याचे श्रेय कि. मो. फडके यांनी केलेल्या एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीच्या प्रसाराला आहे. माणसाचा विनाअट स्वीकार एलिसही मानतात. मतभेद आहे तो पुढे. उपचारासाठी आवश्यक आणि पुरेशा अशा सहा अटी रॉजर्स यांनी १९५७ च्या लेखात सांगितल्या. १९५९ साली एलिस यांनी लेख लिहूनच उत्तर दिले की यांपैकी एकही अट अत्यावश्यक नाही, कारण त्यांच्याशिवायही माणसे बदललेली दिसतात. पुढच्या संशोधनाने दोघांनाही पूर्ण गुण दिलेले नाहीत. उपचारकाची समानुभूती आणि उपचाराचे फळ यांचा संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे, पण तो मध्यम स्वरूपाचा आहे. तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मंत्रचळासारख्या विकारात नुसत्या चांगल्या नात्यावर भागत नाही, तेथे विशिष्ट वर्तनोपचार आणि गरजेनुसार औषधे लागतात. परीक्षेत ‘आवश्यक’ आणि ‘पुरेशा’ हे दोन शब्द वेगवेगळे तपासून लिहिलेत तर उत्तर उठून दिसेल.

शक्य असेल तर १९६५ साली प्रसिद्ध झालेला तो प्रशिक्षणपट पाहा, ज्यात एकच स्त्री रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तीन उपचारकांशी पाळीपाळीने बोलते. घटस्फोटानंतरच्या आपल्या नात्यांविषयी लहान मुलीला खरे सांगावे का, असे ती रॉजर्सना विचारते. याचे उत्तर मी तुझ्यासाठी देऊ शकत नाही, पण तुझे तुला शोधायला मदत करीन, अशा अर्थाचे ते बोलतात. हा आदर होता की टाळाटाळ, यावर आजही वर्गात भांडणे होतात. मला तो आदर वाटतो, पण ती पुन्हा पुन्हा विचारत राहते तेव्हाची तिची अस्वस्थताही नजरेआड करू नका.

प्रश्न : माझ्या लग्नाला नऊ वर्षे झाली. सासूबाई पाहुण्यांसमोर माझ्या माहेरावरून टोमणे मारतात. नवरा म्हणतो, "तिचं वय झालंय, तू समजून घे." समुपदेशकानेही मला त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा असे सांगितले. मी पाहिले. त्यांचेही दिवस कष्टात गेले आहेत हे मला समजते, तरी टोमणे थांबत नाहीत. आता मला राग यायचाही अपराधी वाटू लागला आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला जे सांगितले गेले ते रॉजर्स यांच्या नावावर खपवले जात असेल तर ते चूक आहे. समानुभूती आणि विनाअट स्वीकार या अटी त्यांनी उपचारकासाठी घातल्या होत्या, आणि त्याही उपचाराच्या तासापुरत्या. तो तास ठरलेला असतो, तो संपतो, आणि उपचारकाची समोरच्यावर कोणतीही मदार नसते. घरातल्या सर्वांत कमी अधिकार असलेल्या व्यक्तीने चोवीस तास सर्वांना समजून घेत राहावे, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. तशी अपेक्षा आपल्याकडे सुनेकडूनच का केली जाते, हे तुमच्या यजमानांना विचारण्यासारखे आहे.

स्वतः रॉजर्स यांनाही हे झेपले नव्हते. १९४९ च्या सुमारास शिकागोत एका अतिशय अस्वस्थ स्त्रीवर ते उपचार करत होते. आपण मदत करत आहोत, आपण मागे हटता कामा नये, या भावनेने ते तिच्याशी बोलत राहिले आणि स्वतःच्या मर्यादा गमावून बसले. आपले मन ढासळते आहे असे वाटू लागले तेव्हा तिला एका सहकाऱ्याकडे सोपवून ते पत्नी हेलन यांच्यासह तडक निघाले आणि दोन-तीन महिने दूर राहिले. परत आल्यावर त्यांनी आपल्याच केंद्रातील एका तरुण सहकाऱ्याकडून उपचार घेतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सच्चेपणाला त्यांनी नंतरच्या काळात जे अग्रस्थान दिले, त्यामागे हा अनुभव असावा असे मला वाटते.

सच्चेपणा म्हणजे मनात येईल ते फेकणे नव्हे. आपल्याला राग आला आहे हे प्रथम स्वतःशी मान्य करणे, आणि नाते टिकवायचे असेल तर तो योग्य जागी सांगणे. तुम्हाला सासूबाईंचे कष्ट कळतात आणि टोमणेही लागतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिलीने दुसरी रद्द होत नाही. पाहुणे गेल्यावर, त्या एकट्या असताना, एवढेच म्हणता येईल : "आई, काल सगळ्यांसमोर माझ्या माहेराबद्दल बोललात ते मला फार लागलं. तुम्हाला माझं काही चुकलं असं वाटलं तर मला एकटीला सांगा, मी ऐकेन. पण माझ्या आईवडिलांवरून बोललेलं मी यापुढे ऐकून घेणार नाही. मी तिथून उठून जाईन." यात त्यांचा अपमान नाही आणि मागचा हिशोबही नाही. मात्र उठून जाईन म्हटले तर पुढच्या वेळी शांतपणे उठून जावे लागेल, नाहीतर ते वाक्यही टोमण्यांच्या जमाखर्चात जाईल. त्या बदलतील याची खात्री मी देऊ शकत नाही.

तुम्ही लिहिले नसले तरी टोमण्यांपलीकडे धमक्या, पैशांची अडवणूक किंवा मारहाण असेल तर प्रश्न संवादाचा राहत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाचाही समावेश आहे, आणि १८१ या महिला मदतवाहिनीवरून संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचता येते.

राहिले तुमचे यजमान. ‘तू समजून घे’ असे ते म्हणतात तेव्हा तुमचे म्हणणे त्यांनी किती समजून घेतले आहे ते तपासून पाहा. ठाण्याच्या पत्राच्या उत्तरात दिलेला १९५२ चा नियम येथे उपयोगी पडेल : तुम्हाला नेमके काय लागले आणि का, हे त्यांनी तुमचे समाधान होईल अशा शब्दांत सांगावे, मग आईची बाजू मांडावी. ते जर तेवढेही करायला तयार नसतील, तर पुढच्या वेळी समुपदेशकाकडे एकट्या जाऊ नका. त्यांनाही बरोबर यायला सांगा.